टायटॅनियम डायऑक्साइड : कणातील उणीव कुठे नफ्याची, कुठे तोट्याची?

रंग, प्लास्टिक व कागद यांना पांढरेपणा देणारी टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर व्यापाऱ्यांच्या परिचयाची आहे. तिचा दुसरा गुणही जाणून घेतला पाहिजे. उन्हातील अतिनील किरण पडताच कणातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो व मागे धनभारित पोकळी राहते. ही दोन्ही पृष्ठभागापर्यंत पोहोचली, तर हवा व ओलावा यांच्या साहाय्याने जवळच्या सेंद्रिय पदार्थाचे विघटन होते. १९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखविले होते.

कणाच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी ऑक्सिजनचा अणू नसतो. अशा रिकाम्या जागी पाणी व ऑक्सिजनचे रेणू सहज धरले जातात आणि क्रियेला मदत होते. मात्र असे दोष कणाच्या आत जास्त असले, तर इलेक्ट्रॉन व पोकळी वाटेतच एकत्र येतात आणि प्रकाशाची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. म्हणजे दोष किती, यापेक्षा ते कुठे आहेत हे महत्त्वाचे.

आपोआप स्वच्छ होणाऱ्या काचेसाठी हा गुण लाभदायक, पण बाहेरच्या भिंतीच्या रंगात घातक. रंगातील चिकट द्रव्य नष्ट होते आणि भिंतीला हात लावताच पांढरी भुकटी लागते. म्हणून बाहेरच्या रंगासाठी सिलिका व ॲल्युमिनाचा थर दिलेला रुटाइल प्रकारच घ्यावा. ॲनाटेज साधारणतः स्वस्त पडतो, परंतु तो अधिक क्रियाशील असल्याने घराच्या आतील कामापुरताच ठीक. खरेदीपूर्वी पोत्यावरील प्रकार वाचावा. नुसता भाव पाहिल्यास तक्रार दुकानदाराकडेच परत येते.