अंगावरचे दूध आणि वरचे दूध

पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणाऱ्या माणसाने तान्ह्या मुलाच्या दुधावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण बाळंतपणाची रजा संपत आलेली बाई युनियनच्या कचेरीत येऊन विचारते, “भाऊ, आता पावडरचे दूध सुरू करावे लागणार, मग अंगावरचे तोडायचे का?” तेव्हा तो प्रश्न आमचाही होतो.

उत्तर एकच : तोडू नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ते जमत नसेल, तर आईचे जेवढे निघेल तेवढे बाळाला मिळावे आणि उरलेली भूक पावडरच्या दुधाने भागवावी.

दूध आटते कसे, हे मात्र समजून घेतले पाहिजे. आईचे स्तन म्हणजे भरून ठेवलेला हंडा नव्हे. दूध जितके बाहेर निघते तितके नवे तयार होते; साचून राहिले की ते कमी होत जाते. म्हणून घरी असताना आधी अंगावर पाजावे, मग वरचे द्यावे. कामावर पाजण्याची वेळ चुकली, तर त्या वेळी स्वच्छ हातांनी दूध काढावे. रात्रीचे पाजणे सोडू नये. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते.

पावडरसाठी पाणी उकळावे आणि अर्ध्या तासाच्या आत, चांगले गरम असतानाच, डब्यावरच्या मापाने पावडर घालावी. डबा महाग म्हणून पाणी वाढविणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणे होय. दूध कोमट झाल्यावर उकळून घेतलेल्या वाटीचमच्याने पाजावे. उरलेले टाकून द्यावे. दिवसाकाठी सहा-आठ लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर बाळाचे पोट भरते आहे असे समजावे. तसे नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

राहिला प्रश्न वेळेचा. १९६१ च्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली आणि पन्नास वा अधिक माणसे असतील तेथे पाळणाघर सांगितले. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला यांतले काय मिळते? “माझे दूधच कमी,” असे म्हणून ती स्वतःला दोष देते. पुष्कळदा कमी असते ते दूध नव्हे, वेळ. आणि ती मागून घेणे हे एकट्या आईचे काम नव्हे, आपणां सर्वांचे आहे.