आधी सुट्ट्या, मग पट्ट्या

एक्सेलमध्ये बारचार्ट करतो असं सांगणारी माणसं बहुधा एक्सेलमध्ये रंगकाम करत असतात. डावीकडे कामांची यादी लिहायची, वरच्या ओळीत तारखा टाकायच्या आणि माऊसने चौकटी निवडून रंग भरत सुटायचं. खोदकाम पिवळं, फुटिंग निळं, जोत्याचं काम हिरवं. पहिल्या दिवशी तक्ता देखणा दिसतो. चौथ्या दिवशी खोदकामात कातळ लागतो, काम आठवडाभर लांबतं आणि खालच्या तीस ओळींचा रंग पुसून पुन्हा भरायची वेळ येते. तो कुणीही भरत नाही. तक्ता साइट ऑफिसच्या भिंतीवर तसाच राहतो आणि काम आपल्या वाटेनं जातं.

बांधकामाच्या नियोजनात माझी बरीच वर्षं गेली. या तक्त्यांचं वेड मला तिथेच लागलं आणि ते अजून सुटलेलं नाही. माझा आग्रह एवढाच, की पट्टी हाताने रंगवायची नाही. पट्टी तारखेतून यावी, तारीख आधीच्या कामातून यावी आणि या दोन्हींच्या मागे सुट्ट्यांची एक स्वतंत्र शीट उभी असावी. पाहणाऱ्याला पट्ट्या दिसतात. त्या खऱ्या की खोट्या, हे त्या न दिसणाऱ्या शीटवर ठरतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. या तक्त्याला ज्यांचं नाव मिळालं ते हेन्री गँट अमेरिकी अभियंते, जन्म १८६१, मृत्यू १९१९. फ्रेडरिक टेलर यांच्याबरोबर त्यांनी पोलादाच्या कारखान्यांत काम केलं आणि पहिल्या महायुद्धात त्यांचे तक्ते अमेरिकेच्या शस्त्रनिर्मितीत वापरले गेले. त्याआधीच, १८९६ च्या सुमारास, पोलंडचे कारोल आदामिएत्स्की यांनी ‘हार्मोनोग्राम’ नावाचा असाच तक्ता बनवला होता. सरकवता येतील अशा कागदी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर ‘याच्या आधी काय, नंतर काय’ याची नोंद. त्यांचं लेखन पोलिश भाषेत आणि उशिरा प्रसिद्ध झालं, त्यामुळे नाव गँट यांचं रूढ झालं. १९५७ च्या सुमारास सीपीएम आणि १९५८ मध्ये पर्ट या नियोजनाच्या पद्धती आल्या, १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क ही पहिली गाजलेली स्प्रेडशीट आली, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं. बाकीचा इतिहास कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला आदामिएत्स्कींची ती ‘आधी काय’ची नोंद मोलाची वाटते, कारण रंगवलेल्या तक्त्यात नेमकी तीच नसते.

आता शीटकडे. सगळी किमया एका गोष्टीवर उभी आहे: स्प्रेडशीटमध्ये तारीख म्हणजे साधा आकडा असतो. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ मानतं आणि पुढे मोजत जातं. १ जानेवारी २०२६ म्हणजे ४६०२३. तारखेच्या चौकटीचं फॉरमॅट ‘जनरल’ करा, आकडा समोर येईल. या मोजणीत एक गमतीदार दिवस लपलेला आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलच्या हिशेबात २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे आणि तिचा क्रमांक ६० आहे. ही चूक लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमधली. त्या काळी कचेऱ्यांमधून लोटसचं राज्य होतं, त्याच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही सांभाळली, आणि ती आजतागायत आहे. गुगल शीट्सने शून्य ३० डिसेंबर १८९९ ला धरला, म्हणजे १ मार्च १९०० पासून पुढचे आकडे दोन्हीकडे जुळतात. बांधकामाच्या तक्त्याला याचा काही उपयोग नाही, पण मला ही गोष्ट फार आवडते म्हणून सांगितली.

उपयोगाचा भाग असा की आकडा असल्यामुळेच तारखांची बेरीज होते, तुलना होते. आणि आपल्याकडे तारीख आकडा न राहण्याचे प्रसंग नेहमी येतात. कुणी ‘१५.११.२०२६’ असं टिंबं देऊन लिहितो, संगणक त्याला मजकूर समजतो आणि त्या ओळीची पट्टी गायब होते. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर चौकटीच्या डाव्या कडेला चिकटतो, खरी तारीख उजव्या. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५/११ चा ११ मे होतो, म्हणून महिना नेहमी अक्षरांत दिसेल असं फॉरमॅट ठेवावं.

पट्ट्या काढायच्या दोन रीती आहेत. पहिली स्टॅक्ड बार चार्टची: सुरुवातीची तारीख ही एक मालिका, दिवस ही दुसरी, आणि पहिल्या मालिकेचा रंग काढून टाकायचा. म्हणजे दिसणारी पट्टी न दिसणाऱ्या पट्टीच्या टोकाला लटकते. यात कामं उलट्या क्रमाने येतात, ती उभ्या अक्षाच्या पर्यायात जाऊन सुलटी करावी लागतात, आणि आडव्या अक्षाचा आरंभ तारखेच्या त्या आकड्यात द्यावा लागतो, नाहीतर तो भलतीकडूनच सुरू होतो. मालकाला दाखवायला हा चार्ट छान आहे. साइटवर मात्र मी तो लावत नाही. त्यावर पेनने खूण करता येत नाही आणि अमुक दिवशी कोणतं काम आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही.

दुसरी रीत चौकटींची, आणि माझा सगळा जीव तिच्यात आहे. ‘ए’ स्तंभात काम, ‘बी’मध्ये आधीचं काम, ‘सी’मध्ये दिवस, ‘डी’मध्ये सुरुवात, ‘इ’मध्ये शेवट, ‘एफ’मध्ये साप्ताहिक सुट्टीचा क्रमांक. चौथ्या ओळीत ‘जी’पासून उजवीकडे रोज एक तारीख, स्तंभ अगदी अरुंद. मग सगळा पट निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एकच नियम: अँड(जी$४>=$डी५, जी$४<=$इ५). टंकताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे. वरची तारीख या कामाच्या सुरुवातीच्या आणि शेवटाच्या मध्ये असेल तर रंग भर, एवढाच त्याचा अर्थ. डॉलरच्या जागांवर सारा खेळ आहे. ‘जी’नंतर, चारच्या आधीचा डॉलर सांगतो की तारीख नेहमी चौथ्याच ओळीतून वाच, ‘डी’च्या आधीचा सांगतो की सुरुवात नेहमी त्याच स्तंभातून घे. एक डॉलर हलला की पट्ट्या वेड्यावाकड्या पसरतात. दोन डॉलर जागेवर बसले की एका नियमात हजारो चौकटी आपापला रंग ठरवतात, आणि ‘सी’मधला आकडा बदलताच पट्टी डोळ्यांदेखत लांबते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्या तरुण इंजिनीअरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तरी पट्टी कुठे संपावी हा प्रश्न राहतोच. सुरुवात अधिक दिवस असं सूत्र दिलं तर रविवारीही गवंडी कामावर येतात. त्यासाठी ‘वर्कडे डॉट इंटल’ हे फंक्शन आहे. एक्सेलमध्ये ते २०१० च्या आवृत्तीपासून आहे. गुगल शीट्स आणि फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही आहे. त्याला चार गोष्टी सांगायच्या: कुठल्या तारखेपासून, कामाचे किती दिवस, साप्ताहिक सुट्टी कोणती आणि इतर सुट्ट्यांची यादी कुठे आहे. शेवट काढताना ‘डी५ वजा १’पासून मोजायचं, म्हणजे पहिला दिवसही हिशेबात येतो. पुढच्या कामाची सुरुवात म्हणजे आधीच्या कामाच्या शेवटापासून एक कामाचा दिवस पुढे. आधीची कामं दोन असतील तर त्यांच्या शेवटांतला मॅक्स घ्यायचा. आदामिएत्स्कींची नोंद इथे सूत्र बनून येते.

साप्ताहिक सुट्टीचा क्रमांक हा मला या फंक्शनचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. ११ म्हणजे फक्त रविवार, १२ म्हणजे फक्त सोमवार, असं करत १७ म्हणजे फक्त शनिवार. याची किंमत मला मंगळवेढ्याकडच्या एका गावात कळली. शाळेच्या दोन खोल्यांचं बांधकाम पाहायला गेलो होतो. भिंतीवर शहरातून आलेला सुबक बारचार्ट होता, रविवार सगळे करड्या रंगात. मी मुकादमांना विचारलं, “अण्णा, या तक्त्याप्रमाणे चाललंय का?” ते म्हणाले, “साहेब, रविवारी आम्ही कामावरच असतोय. गुरुवारी बाजार. बुधवारी संध्याकाळी पगार वाटला की गुरुवारी माणूस नाही घावत.” तक्त्यात सुट्टी होती त्या दिवशी काम चाले आणि कामाच्या दिवशी साइट रिकामी. चौकटीत ११ च्या जागी १५ एवढाच बदल हवा होता.

त्यातही एकाच कामाला एकाहून जास्त पंचांगं लागतात. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या फॅब्रिकेटरकडून जिना आणि ग्रिल येणार, साइटची सुट्टी रविवारी, मालकाच्या बँकेची दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, शिवाय राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. म्हणून ‘एफ’ स्तंभ: प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा क्रमांक. फॅब्रिकेशनसमोर १५, प्लास्टरसमोर ११, सरकारी दाखल्यासमोर शनिवार-रविवारचा १. एवढी बारीक नोंद लोकांना जास्तीची वाटते. मला ती अत्यावश्यक वाटते, कारण दिरंगाई इथूनच शिरते.

आणि मग ती शीट. नाव साधं द्यावं: ‘सुट्ट्या’. एका स्तंभात तारीख, शेजारी कारण. मी कालनिर्णय शेजारी ठेवून ती भरतो आणि मागच्या वर्षीची यादी कधीही चिकटवत नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. कोकणातले सुतार आणि रंगारी गणपतीला गावी जातात, ते एका दिवसासाठी नाही. त्यांच्यासाठी सलग आठवडा लिहावा. उत्तरेकडचे कारागीर होळीला आणि छठला जातात, तेही लिहावं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात बहुतेक घरी वास्तुशांत करत नाहीत, तेव्हा मेअखेर घर ताब्यात देण्याची धावपळ करण्याआधी मालकांना विचारून घ्यावं. पावसाचं कोष्टक निराळं. हवामान खात्याच्या २०२० च्या सुधारित तारखांप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. एवढे सगळे दिवस सुट्टीत टाकता येत नाहीत, पण खोदकाम आणि बाहेरचं प्लास्टर यांच्यासाठी मी पावसाळ्याची वेगळी यादी ठेवतो आणि त्या ओळींना तीच जोडतो.

काँक्रीटला मात्र सुट्टी माहीत नसते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवायचे. सहा मीटरपेक्षा लांब तुळईचे एकवीस. हे दिवस रविवार धरून, दसरा-दिवाळी धरून मोजायचे. ते ‘वर्कडे’ने मोजले तर सेंट्रिंगचं सामान उगाच अडकून पडतं. चौदा दिवसांसाठी स्लॅब ओतल्याच्या तारखेत थेट १३ मिळवायचे आणि तिथून एक कामाचा दिवस पुढे जायचं, की टेकू काढण्याचा दिवस मिळतो. मोठ्या गाळ्याचा स्लॅब शनिवारी झाला, तर त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी टेकू निघतील, आणि तो सुट्टीचा असेल तर सोमवारी. माणसांचे दिवस आणि रसायनाचे दिवस वेगळे मोजणारा तक्ता मला अजून फार कमी साइटवर दिसला आहे.

एक उलटी रीतही सांगितली पाहिजे. दिवस उणे लिहिले की हेच फंक्शन मागे मोजतं. पुण्यातल्या एका छापखान्यात दिवाळी अंकांच्या धांदलीत गेलो होतो, तिथे मालकांनी भिंतीवर शेवटून सुरुवातीकडे लिहिलेली यादी लावलेली होती: विक्रेत्यांकडे अंक, बाइंडिंग, छपाई, शेवटची प्रुफं, जाहिरातींची मुदत. दिवाळी हलत नाही, म्हणून बाकी सगळं तिच्यापासून मागे यायचं. लग्नघर, परीक्षा, वास्तुशांत यांनाही हीच मांडणी लागू पडते. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तिथून मागे मोजत या आणि नवरात्र, दसरा मध्ये पडताना पाहा, म्हणजे ऑगस्टातच लेख मागणाऱ्या संपादकांची घाई पटते.

शेवटी एक गोष्ट, जिच्याबाबत मी कुणाशीही भांडायला तयार असतो. तक्ता मंजूर झाला त्याच दिवशी सुरुवात आणि शेवट हे दोन स्तंभ कॉपी करून बाजूला फक्त किमती म्हणून चिकटवावेत, सूत्रं नकोत. तो मूळ वायदा. गँट यांचे तक्तेही ठरलेलं काम आणि झालेलं काम शेजारी शेजारी ठेवण्यासाठीच होते. चालता तक्ता सूत्रांवर सतत सरकत राहतो आणि प्रत्येक आठवड्याला बरोबरच दिसतो. मूळ तारखा शेजारी नसतील तर काम किती हुकलं ते कुणालाच दाखवता येत नाही.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. शंभर-दीडशे ओळींपर्यंतचं काम साध्या शीटमध्ये नीट चालतं; त्याच्या पुढे मात्र प्रिमावेरा किंवा एमएस प्रोजेक्टकडे जावं. दिवाळीच्या सुट्टीत तासभर काढा आणि घराच्या रंगकामाचा असा तक्ता करून पाहा. रंगाऱ्याला त्याची सुट्टी कोणत्या वारी असते ते आधी विचारा, ‘सुट्ट्या’ची शीट भरा, आणि मगच पहिली पट्टी काढा.