गाडी का लागते?

एस.टी. घाट चढू लागली, की कुणाचे तोंड उतरते. कुणाला मळमळते. कुणी ओकते. आपण म्हणतो, गाडी लागली. बाकीचे हसतात, म्हणतात, “फारच नाजूक बाई!” या धास्तीने बायका माहेरी जायचे टाळतात. आजारी माणूस तालुक्याच्या दवाखान्यात जायला नको म्हणतो.

पण हा दुबळेपणा नव्हे. दोष पोटाचाही नव्हे. हे भांडण आहे डोळ्यांचे आणि कानांचे!

आपल्या कानात, अगदी आत, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा रस असतो. डोके वळले, की रस हलतो. मेंदूला खबर जाते. आता आपण गाडीत बसलो आणि पुढच्या बाकाकडे बघत राहिलो. डोळे सांगतात, “आपण स्वस्थ बसलोय.” कान सांगतात, “छे! आपण वळतोय.” खरे कुणाचे मानावे? मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही. त्याची नजर रस्त्यावर असते. वळण येणार, हे त्याला आधीच ठाऊक असते.

मग गाडी बांधणाऱ्यांना काही करता येईल का? पुष्कळ करता येते. खिडक्या मोठ्या ठेवाव्यात. बसल्या जागेवरून पुढचा रस्ता दिसावा. डोके डुलू नये म्हणून बाकाला मागे उशी असावी. स्प्रिंगा फार कडक नकोत, फार मऊही नकोत. कडक स्प्रिंगांनी हादरे बसतात. फार मऊ असल्या, तर गाडी सावकाश झुलते. पाच सेकंदांना एक, असे संथ झोके सर्वांत वाईट. बोट लागते ती अशाच झोक्यांनी.

बाक कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. फळीच्या मधोमध दगड ठेवून टोकांवर मुले बसवा. टोके वरखाली होतात, मध्य फारसा हलत नाही. गाडीचेही तसेच. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधली जागा कमी हलते. मागच्या चाकांमागची जागा सर्वांत जास्त उडते.

गाडी बदलणे आपल्या हाती नाही. जागा निवडणे आहे. मधे किंवा पुढे बसावे. दूर रस्त्याकडे बघावे. मोबाइल बघू नये. वाचूही नये, हे पुस्तकसुद्धा तेवढा वेळ पिशवीत ठेवावे! आणि शेजारच्या कुणाला गाडी लागली, तर हसू नये. त्याला आपली पुढची जागा द्यावी.