शिंगू नदीतला झेब्रा प्लेको

जेमतेम आठ सेंटिमीटरचा मासा. अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि खवल्यांऐवजी हाडाच्या तकटांचं चिलखत! १९९१ साली त्याला ‘हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा’ हे शास्त्रीय नाव मिळालं. ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या ‘व्होल्टा ग्रांडे’ या मोठ्या वळणाच्या परिसरातच तो सापडतो. तिथलं पाणी वेगवान, उबदार, तळाशी खडकांच्या कपारी. दिवसभर हा गडी त्यांत दडून बसतो. अंडी-पिल्लं सांभाळतो नर, बरं का! प्लेको गटातला मासा म्हटला की शेवाळ खाणारा, हा आपला समज इथे फसतो. याला मांसाहारच जास्त प्रिय. आता बेलो मोन्ते धरणामुळे या वळणाचं बरंचसं पाणी दुसरीकडे वळवलं जातं. त्यामुळे हा मासा आधीच संकटात आहे; म्हणून नदीतून पकडलेला झेब्रा कुणी विकायला आणला, तर कृपया घेऊ नका.