रंगाखालचा गंज

आमच्या घराच्या जिन्याला लोखंडी कठडा आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही त्याला घाईघाईने ऑइल पेंटचे दोन हात दिले. कठडा नव्यासारखा दिसू लागला. पण पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच गजांच्या बुडाशी रंगाला फोड आले. नखाने टोकरताच पोपडा सुटला आणि आतून तांबूस भुकटी सांडली. कठडा घरातला, त्यावर पाऊस पडत नाही. मग असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रहो, फरशी पुसताना पाणी कोठे साचते ते पाहा. नेमके गजांच्या बुडाशी! ओल्या लोखंडावर जणू इवले विद्युत्‌घटच तयार होतात. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपाने पाण्यात उतरतात. दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन व पाणी ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. यातूनच पुढे गंज बनतो. मिठाने पाण्याची वीजवाहकता वाढते, म्हणून घामट हातांचा स्पर्शही गंजाला मदतच करतो.

गंज सच्छिद्र असतो, म्हणून ओल धरून ठेवतो. मूळच्या लोखंडापेक्षा तो जास्त जागाही व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. आम्ही रंग दिला होता तो लोखंडाला नव्हे, गंजाला!

आता एक गंमत. रंगारी गंज खरवडून जे रेड ऑक्साइडचे अस्तर लावतो, त्यातले तांबडे द्रव्य लोखंडाचेच ऑक्साइड असते. मग गंजाचा हा भाऊबंद गंजाला अडवतो कसा? गंज भुसभुशीत असतो. अस्तरातले कण मात्र तेलाच्या वा राळेच्या थरात घट्ट बांधलेले असतात. हा थर स्वच्छ धातूला चिकटून बसतो आणि पाण्याची वाट अवघड करतो.

यंदा मी कठडा घासायला घेतला आणि दहाच मिनिटांत थांबलो. खालच्या पायरीवर धाकटी पुतणी बसली होती. पूर्वी लोखंडाच्या अस्तरात शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, वापरीत. रंगांतही शिशाची संयुगे असत. घरगुती रंगात दर दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या कठड्यावरचे खालचे थर त्याआधीचे. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते, आणि तिची निर्धोक अशी मात्रा माहीत नाही.

मुलीचे हात धुऊन तिला शेजारी पाठवले. मग खाली प्लॅस्टिक अंथरून, एन-९५ मुखपट्टी बांधून वॉटर पेपरने ओले घासले. कठडा पुसून, वाळवून त्याच दिवशी अस्तर लावले. जुना रंग घासण्याचे काम मोठ्यांचेच. तुम्ही ते करू नका.

तुमच्यासाठी हा प्रयोग. रंग न लावलेले दोन गंजलेले खिळे घ्या. एक पॉलिश पेपरने चकचकीत करा, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींना एकच नवा रंग द्या. वाळल्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फडके सुकू देऊ नका. रोज पाहा आणि वहीत नोंद करा: पोपडा आधी कोणाचा सुटतो?