हाली सिक्क्यापासून दोन हजाराच्या नोटेपर्यंत : पेटीतल्या जुन्या पैशाचे काय करावे?

पुणतांब्यात एका खालांनी आम्हांला जुना डबा दाखविला. त्यात नऊ हाली रुपये, पाचशेची एक जुनी नोट, दोन हजाराच्या तीन नोटा आणि मूठभर चार आणे निघाले. फोनवर कोणीतरी त्यांना सांगितले होते की, हालीचे लाखभर रुपये मिळतील, फक्त आधी फी भरा. पैसे पाठविण्याच्या त्या बेतात होत्या. अशी पेटी अनेक घरांत असते, म्हणून हा खुलासा.

आमच्या भागाला हाली सिक्का नवा नाही. पुणतांबा नगर जिल्ह्यातले, म्हणजे इंग्रजी अमलातले. येथे कलदार चाले. गोदावरी ओलांडून थोडे पुढे गेले की वैजापूर तालुका, तो निजामाचा; तेथे हाली. मुलुख शेजारी, पण चलने दोन. सरकारी दर 7 हालीस 6 कलदार, म्हणजे 100 कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. 1948 साली संस्थान भारतात आले, तरी हाली लगेच गेला नाही. 1950 नंतर काही वर्षे तो भारतीय रुपयासोबत चालला आणि 1959 साली रद्द झाला.

आज हाली बँकेत बदलून मिळत नाही. त्याच्या कागदी नोटेला शौकीन गिऱ्हाईक मिळाले तरच मोल. चांदीच्या रुपयाचे मात्र तसे नाही. मीर उस्मान अली खान यांच्या काळातील जुना रुपया सुमारे 11.18 ग्रॅमचा, त्यात शंभरात 82 भागांच्या आसपास चांदी. नंतरच्या काही रुपयांत चांदी कमी आहे. म्हणून दोन सराफांकडे कस व वजन पाहूनच विकावा. घरात ठेवला तर जकातीच्या हिशोबात चांदी म्हणून धरण्यास विसरू नये.

आता आपल्या नोटा. 8 नोव्हेंबर 2016 रोजी रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा भरण्याची सर्वसाधारण मुदत 30 डिसेंबर 2016 रोजी संपली. 2017 च्या कायद्याने अशा दहापेक्षा अधिक नोटा बाळगणे गुन्हा आहे. अभ्यासकांना पंचवीसपर्यंत मुभा. त्यांचा सौदा करू नये.

दोन हजाराची नोट 2023 साली परत बोलावली गेली, पण रद्द झालेली नाही. इतर बँका आता ती घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर व नागपूर येथील कार्यालयांत एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलता येते, किंवा टपालाने पाठवून खात्यात जमा करता येते. पुणतांब्याहून मुंबई गाठण्यापेक्षा टपाल सोयीचे.

चार आणे व त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बंद आहेत. आठ आणे आणि दहा रुपयांची सर्व नमुन्यांची नाणी मात्र चालू आहेत. दुकानदारांनी ती नाकारू नयेत.

रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही व त्यासाठी फीही मागत नाही; तसा इशारा तिने 2021 सालीच दिला आहे. विकत घेणारा खरा असेल, तर पैसे तो देईल, आपण नव्हे.

खालांनी फी भरली नाही. दोन हजाराच्या नोटा टपालाने गेल्या, हालीचा कस सराफाने लावला. लाख नव्हे, पण जे हाती आले ते हक्काचे आले.