टाकी लावलेलं उपनगर

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेला आम्ही पाच जण जमलो. त्याआधी कुणीच कुणाला भेटलेलं नव्हतं. उपनगरातल्या जुन्या जागा दोन दिवस पायी हिंडून पाहायच्या, एवढ्या एका निरोपावर सगळे आले होते. बँकेतून निवृत्त झालेले मुलुंडचे काका, रात्रपाळी उरकून थेट आलेली घाटकोपरची परिचारिका, भूगर्भशास्त्र शिकणारी बोरिवलीची मुलगी, नोकरीसाठी परभणीहून आलेला एक मुलगा आणि मी. मुंबईत माणसाच्या आडनावाआधी त्याचं स्टेशन विचारतात. पहिला चहा संपेपर्यंत आम्ही एकमेकांसाठी मुलुंड, घाटकोपर, बोरिवली झालो होतो. परभणी मात्र परभणीच राहिला. ‘आठ महिने झाले अंधेरीत, पण खोली, रिक्षा आणि ऑफिस याच्यापलीकडं काही बघितलंच नाही,’ तो म्हणाला.

त्याचं एकट्याचंच असं नाही. ‘मुंबई दर्शन’ म्हटलं की गाडी दक्षिणेला वळते. उपनगर म्हणजे राहायची, झोपायची आणि सकाळी सोडून जायची जागा, असं इथल्या माणसांनीही मान्य करून टाकलं आहे. इतिहास सांगायची वेळ आलीच तर महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, १९९० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला, इथे तो संपतो. त्याच्या आधी ही साष्टी होती, सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. आणि साष्टीच्याही कितीतरी आधी इथे दगड होता. आमचे दोन दिवस त्या दगडाच्या मागेच गेले.

पहिली गिल्बर्ट टेकडी. मी अंधेरीत वाढलो, पण आमच्या लहानपणी ही ‘गावदेवीची डोंगरी’ होती. तेव्हा ती लांबून दिसायची. आता गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दिसत नाही, इतक्या इमारती तिला चिकटून उभ्या राहिल्या आहेत. मग एकदम समोर येते ती सुमारे दोनशे फूट उंचीची, सरळसोट काळी भिंत. खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवी-दुर्गामातेचं देऊळ, थोडी झाडं आणि भणाणता वारा. पहाटे दर्शनाला येऊन गेलेल्या बायकांनी वाहिलेली जास्वंद अजून ताजी होती.

खाली उतरल्यावर बोरिवलीने आम्हाला कड्यासमोर उभं केलं. ‘या उभ्या रेघा बघा. हे खांब आहेत. कुणी घडवलेले नाहीत, आपोआप झालेत.’ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस वर आला, सावकाश निवत गेला, निवताना आकसला आणि आकसताना त्याला उभ्या भेगा गेल्या. परभणीने विचारलं, ‘उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला भेगा पडतात, तशा?’ ती हसली. ‘अगदी तशाच. आणि तुमचं काळं रान म्हणजे याच दगडाची झालेली माती.’ तो बराच वेळ त्या कड्याला हात लावून उभा राहिला. घरापासून इतक्या लांब आपल्या शेताचं मूळ भेटेल, असं त्याला वाटलं नसणार.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये अशाच खांबांचा ‘डेव्हिल्स टॉवर’ आहे. खडकाची जात वेगळी, पण घडण हीच. १९०६ साली तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक ठरला. आपल्या टेकडीला महापालिकेने वारसा दर्जा दिला तो २००७ साली. तोपर्यंत खडीसाठी तिचे लचके तोडून झाले होते. उरलेल्या खडकाचं मोल तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून पायथ्याशी मराठीत चार ओळींचा ठळक फलक हवा. आम्हाला तो कुठे दिसला नाही.

गोखले पूल ओलांडून पूर्वेला आलो आणि महाकाली गुंफांच्या रस्त्याला लागलो. ऊन चढलं होतं. एवढ्यात रहदारीच्या गोंगाटातून ठक्-ठक्-ठक् असा बारीक, एका लयीतला आवाज आला आणि माझे पाय थांबले. फूटपाथवर गोणपाट अंथरून एक मावशी पाट्याला टाकी लावत होत्या.

हा आवाज माझ्या लहानपणाचा. दुपारी चाळीत ‘पाट्याला टाकीऽऽय’ अशी आरोळी आली की आई जिन्यातूनच हाक मारायची. मिक्सर आले, पाटे गॅलरीत गेले, मग गच्चीवर, मग भंगारात. आरोळी कधी बंद झाली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मावशींनी पाटा दोन पायांच्या मध्ये धरला होता. डाव्या हातात वीतभर छिन्नी, उजव्या हातात आखूड दांड्याची हातोडी. कडेपासून सुरुवात करून त्या ओळीने आत येत होत्या. एक घाव, छिन्नी गव्हाएवढी पुढे, पुन्हा घाव. मान हलत नव्हती, फक्त मनगट. मध्येच फुंकर मारून पूड उडवायच्या आणि तळहात फिरवून खरखर तपासायच्या. डोळ्यांपेक्षा तळहातावर त्यांचा भरवसा जास्त होता. घाव खोल गेला तर चटणीत कच येते, उथळ पडला तर महिन्याभरात पाटा पुन्हा गुळगुळीत होतो. ‘मधला मापाचा बसायला पाहिजे,’ त्या म्हणाल्या. छिन्नी बोथटली की ती तापवून, ठोकून तिला पुन्हा पाणी द्यावं लागतं. ते काम त्यांचे यजमान करायचे. ते दगडखाणीत कामाला होते. खाणी बंद झाल्या, यजमान गेले, छिन्न्या राहिल्या.

‘पाटे आणतात अजून लोक?’ घाटकोपरने विचारलं.

‘आणतात की, ताई. सून मिक्सर लावते, सासूला पाट्यावरची चटणी लागते. दोघींचं भांडण आहे तोवर माझं पोट आहे.’ पाटा पुसून त्यांनी कोपऱ्यात चार पाकळ्यांचं फूल कोरलं. त्याचे पैसे वेगळे घेत नाहीत. गिऱ्हाइकाला बजावलं, ‘आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्या, मगच चटणी.’

आम्ही वर लेणी बघायला निघालोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘तिथला दगड ठिसूळ. खडे भरलेत त्यात. त्याला घाव घालणारा हात हलका असला पाहिजे. भिंत नीट बघा, टाकी कळते.’

या एका वाक्याने आमची दुपार बदलली. महाकाली लेणी, म्हणजे जुन्या नावाने कोंडिविटे. दोन गटांत मिळून १९ बौद्ध लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत खोदत गेलेली. नववं लेणं त्यांतलं मुख्य. आत शिरलं की मोकळा मंडप, त्याच्या टोकाला दगडातच कोरलेली एक गोल झोपडी आणि तिच्या पोटात स्तूप. झोपडीला दार आहे, दोन बाजूंना दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. अशी गोल खोली बिहारमध्ये बराबरच्या सुदामा लेण्यात आहे. महाराष्ट्रात हिच्यासारखी सहसा दिसत नाही. लाकूड आणि गवत यांनी बांधायच्या कुटीचा घाट डोंगराच्या पोटात उतरवणारा हात किती सरावाचा असेल! एरवी आम्ही फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर आलो असतो. पण मावशींचं ऐकून भिंतीशी गेलो आणि मोबाइलचा उजेड तिरपा धरला. जिथे दगड झिजलेला नव्हता तिथे तिरक्या ओळी उमटल्या, एकीखाली एक. परिचारिकेने त्यांच्यावरून तळहात फिरवला आणि हळूच म्हणाली, ‘पाट्यासारखंच लागतंय.’ दोन हजार वर्षांपूर्वीचा तो पाथरवट त्या क्षणी आमच्यात येऊन उभा राहिला.

रविवारची चाल भरभर झाली. सहाव्या शतकातलं जोगेश्वरीचं लेणं आजही जागतं देवस्थान आहे. मंडपात गारवा, उंबऱ्याशी हळदकुंकू आणि माथ्यावर वस्ती. या छपरांचं सांडपाणी छतातून झिरपतं आणि खांब दर पावसाळ्यात थोडे थोडे विरतात. वर राहणाऱ्यांना नीट घरं दिल्याखेरीज खालचे देव वाचायचे नाहीत. हा प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलू नये.

तिथून बोरिवलीच्या मंडपेश्वरला. आता त्याच्या नावाचं मेट्रो स्थानक झालंय, पण त्या स्थानकावर उतरणाऱ्या दोघातिघांना लेणं कुठे म्हणून विचारलं, तर सांगता आलं नाही. इथे शिवाची नृत्यमूर्ती आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी लेण्याचं चर्च केलं, त्याचा क्रूस भिंतीवर कोरलेला दिसतो आणि डोक्यावर त्यांच्या मठाचे भग्न कमानदार अवशेष उभे आहेत. १७३९ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली. आज तिथे पिंडीवर बेल वाहिला जातो आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळतात. एकाच खडकाने हे सगळं अंगावर घेतलं आहे. मुलुंडचे काका पायरीवर बसून म्हणाले, ‘बत्तीस वर्षं मी याच बोरिवलीच्या शाखेत होतो. जेवणाच्या सुट्टीत चालत आलो असतो तरी पोचलो असतो. पण सोबत कोण होतं?’

काकांचं खरं आहे. जुनी जागा एकट्याने पाहिली की आपल्याला ठाऊक असतं तेवढंच दिसतं. परभणीला कड्यात आपलं रान दिसलं, परिचारिकेच्या तळहाताला पाटा लागला, बोरिवलीला निवणारा शिलारस दिसला, मला आईची हाक ऐकू आली. त्यामुळे दोन दिवसांत प्रत्येकाने पाच जणांच्या डोळ्यांनी उपनगर पाहिलं. शाळांनी मुलांना सहलीला लांब न्यावंच, पण एकदा आपल्याच स्टेशनापासून चालत जाता येईल अशा लेण्यातही न्यावं. ज्या मुलाने भिंतीवरून हात फिरवलाय, तो मोठा होऊन तिच्यावर आपलं नाव कोरणार नाही.

बुधवारी काकांचा फोन आला. माळ्यावरून काकूंचा पाटा काढला होता. ‘शनिवारी टाकी लावायला नेतोय. कोण कोण येतंय?’

शनिवारी काका मुलुंडहून जाड कापडी पिशवीत पाटा घेऊन आले. अंधेरीला उतरल्यावर पिशवीचा एक बंद परभणीने धरला. मावशींनी पाट्यावर तळहात फिरवला, म्हणाल्या, ‘पुष्कळ वर्षं उपाशी ठेवलाय याला,’ आणि छिन्नी उचलली. आम्ही पाचही जण फूटपाथवर उकिडवे बसून तो आवाज ऐकत राहिलो.